परत घेणे आणि विकत घेणे

सोलापुरात ‘सेक्रेटरी’ म्हटलं की लोकांना दोन माणसं आठवतात. एक, अपार्टमेंटच्या पाण्याच्या टाकीची किल्ली ज्याच्याकडे असते तो. दुसरा, गावच्या सोसायटीत कर्जाचे कागद पुढे सरकवतो तो. मी या दोघांतला नव्हे. जुळे सोलापुरात नवीन राहायला आलो तेव्हा शेजारच्या निवृत्त तलाठ्यांनी विचारलं, “कंपनीत काय करता?”

“कंपनी सेक्रेटरी आहे.”

“म्हणजे साहेबांची पत्रं टाइप करायची.”

मी मान डोलावली. घरात आल्यावर माझी पत्नी वसुधा म्हणाली, “अहो, निदान नाही तरी म्हणायचं.” मी म्हटलं, समजावून सांगायला अर्धा तास लागला असता आणि त्यांच्या हातात दुधाची पिशवी होती.

तो अर्धा तास आता या अंकाच्या संपादकांनी दिला आहे. खरं तर त्यांनी लेख गेल्या वर्षीच मागितला होता. गेल्या वर्षी वसुधा गेली आणि लेख राहिला. नोकरीतलं माझं सगळं लेखन इंग्रजीत, तेही नोटिशीच्या भाषेत. मराठीत जे काही थोडं लिहिलं ते आधी तिने वाचलेलं असे. महापालिकेच्या शाळेत ती मराठी शिकवायची; लाल पेन तिच्या पर्समध्येच असायचं. आता लिहिलेलं पान टेबलावर पडून राहतं आणि सकाळी मीच ते पुन्हा वाचतो. त्यामुळे हे लिहायला वेळ लागला.

आमची कंपनी टॉवेल करायची. एका वीरशैव व्यापारी कुटुंबाने उभी केलेली, पुढे शेअर बाजारात गेलेली. बाजारात गेली की कंपनी एका घराची राहत नाही. ज्याच्याकडे एक शेअर आहे तोही मालक. मात्र केबिनमध्ये बसतात ते मालक वेगळे आणि कायद्याने मालक असलेले हजारो लोक वेगळे. या दोघांच्या मध्ये जो बसतो तो कंपनी सेक्रेटरी. सभा बोलवायच्या, सभासदांच्या पत्रांना उत्तरं द्यायची, शेअर बाजाराला जे कळवायचं ते वेळेवर कळवायचं. आणि कळवून होईपर्यंत ते कोणालाही सांगायचं नाही. अर्ध्याहून जास्त नोकरी या शेवटच्या वाक्यात आली.

सभासदही नाना तऱ्हेचे. सांगोल्याकडचे एक मेंढपाळ गृहस्थ होते. कोणा पाहुण्याच्या नादाने त्यांनी थोडे शेअर घेतले होते. एका सकाळी ते कंपनीच्या गेटवर आले आणि वॉचमनला म्हणाले, “माजा शेअर बगायचाय.” वॉचमनने माझ्याकडे पाठवलं. मी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि शेअर ही दिसणारी वस्तू नाही हे परोपरीने सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“ते झालं. पन ह्यातला माजा माग कंचा?”

शेवटी मी त्यांना विणकाम खात्यात नेलं आणि कडेचा एक माग दाखवला. म्हटलं, “हा समजा.” ते बराच वेळ बघत राहिले. मग मागावरच्या कामगाराच्या हातात खिशातल्या मूठभर शेंगा ठेवून म्हणाले, “चांगला सांबाळ रं. लई आवाज करतोय, जरा इसावा देत जा.” कायद्याच्या पुस्तकात मालकीची व्याख्या दोन पानं चालते. या माणसाला ती विचारावी लागली नाही.

आता ज्या प्रसंगासाठी हे लिहायला बसलो त्याकडे वळतो. त्यासाठी आधी ‘बायबॅक’ म्हणजे काय ते सांगायला हवं. कंपनीकडे जास्तीचा पैसा साठला की ती स्वतःचेच शेअर लोकांकडून विकत घेऊ शकते. घेतलेले शेअर तिजोरीत ठेवायचे नसतात, नष्ट करायचे असतात. शेअर कमी झाले की उरलेल्यांचा वाटा आपोआप वाढतो. कायदा याला परवानगी देतो, पण हात राखून. किती घ्यायचे याला मर्यादा आहे. कोणाचं देणं थकवलेलं असेल तर घेता येत नाहीत. एकदा घेतले की वर्षभर पुन्हा नाव काढायचं नाही. आणि एकदा जाहीर केलं की माघार नाही.

वसुधाचं माहेर मोहोळ तालुक्यातलं, कोरडवाहू. तिला मी हे पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे विहिरीच्या पाळीसारखं.” तिच्या गावी सामाईक विहिरीवर प्रत्येक भावाची पाण्याची पाळी ठरलेली असायची. एखाद्याने पाळी सोडली आणि सामाईक पैशातून त्याला मोबदला दिला, तर बाकीच्यांना पाणी जास्त. “यात वाईट काही नाही,” ती म्हणाली. “पण ज्याच्या हातात विहिरीचं काम आहे त्याला तळाशी नवा झरा लागलेला ठाऊक असेल, आणि तो गप्प राहून भावाची पाळी घेत असेल, तर?”

बायबॅकच्या वेळेबद्दल जेवढे नियम आहेत, त्या सगळ्यांचा अर्थ या एका प्रश्नात आहे. नंतर मी प्रशिक्षणार्थींना हेच उदाहरण द्यायचो, तिचं नाव न सांगता.

घरी मी कंपनीचं काही बोलत नसे. कायद्याच्या दृष्टीने बायको म्हणजे ‘निकटची नातेवाईक’. मला जे ठाऊक ते तिलाही ठाऊक असणार असं कायदा धरून चालतो. निकालाच्या आधी काही काळ आम्हा दोघांनाही कंपनीच्या शेअरची खरेदी-विक्री बंद असे. ऑफिसच्या भाषेत याला ‘खिडकी बंद’ म्हणतात. वसुधा शेजारणींसमोर मुद्दाम विचारायची, “अहो, आपली खिडकी बंद आहे ना?” आणि शेजारणी उठून आपापल्या खिडक्या बघून यायच्या.

आमचे थोरले मालक, आप्पा, यांनी कंपनी बाजारात नेली तेव्हा एक गोष्ट केली. जुन्या कामगारांसाठी काही शेअर राखून ठेवले आणि त्यांचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले. खंडेनवमीला मागांची पूजा झाल्यावर प्रत्येकाला हाक मारून शेअरचा कागद आणि वर एक नारळ दिला. ते कन्नड-मराठी मिसळून बोलायचे. एक कामगार म्हणाला, “आप्पा, ह्याचं काय करायचं?” आप्पा म्हणाले, “काही करू नको, इट्टुको, ठेव!” लोकांनी तो कागद ठेवला. कोणी पेटीत, कोणी देव्हाऱ्यात.

टॉवेलची शिलाई तपासणाऱ्या नरसम्मांनी तो देव्हाऱ्यात ठेवला. त्या शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातल्या. नवरा लवकर गेला. एकुलता मुलगा वसुधाच्या वर्गात होता, म्हणून आमच्या घरी येणंजाणं. आम्ही त्यांना नरसक्का म्हणायचो.

आप्पा गेल्यावर धाकटे मालक व्यवस्थापकीय संचालक झाले. मी त्यांना हाफ पँटमध्ये कंपनीत फिरताना पाहिलेलं, त्यामुळे ते मला ‘काका’ म्हणत. हुशार, मेहनती माणूस. हातात पैसा होता, शेअरचा भाव बरेच दिवस पडून होता. त्यांनी बायबॅक ठरवलं. घराण्याचे शेअर द्यायचे नाहीत, म्हणजे इतरांचे कमी झाले की घराण्याचा टक्का वाढणार. यात बेकायदा काही नव्हतं. ठराव झाले, किंमत बाजारभावापेक्षा बरी ठरली, जाहीर सूचना निघाली.

अशी सूचना इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेतल्या वर्तमानपत्रात द्यावी लागते. मराठी मसुद्यात मथळा होता ‘समभागांची पुनर्खरेदी’. बोजड, पण बरोबर. छापताना जागा पुरली नाही म्हणून जाहिरात एजन्सीने तो आवळला. सकाळी चहाबरोबर सोलापूरने वाचलं: ‘कंपनी समभाग परत घेणार’.

मुंबई-पुण्याच्या वाचकाला यात वावगं काही दिसलं नसतं. पण ज्यांना तो कागद नारळाबरोबर मिळाला होता, त्यांनी एकच अर्थ काढला. आप्पांनी दिलं होतं, आप्पा गेले, आता पोरगा परत मागतोय. दुपारपर्यंत गेटवर निवृत्त कामगार जमले. कोणी चिडलेलं नव्हतं, हे जास्त वाईट होतं. एक जण फक्त म्हणाला, “आप्पांचं वर्षश्राद्ध तर होऊ द्यायचं की.” मी बाहेर जाऊन जमेल तेवढं समजावलं, पुढच्या अंकात खुलासा छापून आणला. पण खुलासा आतल्या पानावर येतो. घरोघर पोचतो तो मथळाच.

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट घडली. सभासदांना पाठवायचं पत्र तयार होत होतं. त्या पत्रात कंपनीची सगळी महत्त्वाची माहिती खरी आणि पुरेशी द्यावी लागते. ते वाचूनच माणूस शेअर द्यायचा की नाही हे ठरवतो. पत्रावर दोन संचालकांची आणि सेक्रेटरीची सही असते. शनिवारी धाकट्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. परदेशातल्या एका मोठ्या हॉटेल कंपनीशी टॉवेल पुरवण्याची बोलणी चालली होती, ती अचानक पुढे सरकली होती. अनेक वर्षांचं काम. झालं तर कंपनीचं रूप बदलणार होतं.

“पत्रात हे घालायला हवं,” मी म्हटलं.

“सही झाली आहे का? नाही. मग बातमी कुठं आहे, काका? हवेत?”

“नुसती हवेत असती तर तुम्ही दार लावलं नसतं.”

ते हसले, पण बसले नाहीत. “बोलणी चालू असताना जाहीर करायची सक्ती नाही. तुम्हीच शिकवलंय मला.”

“एरवी नाही. पण आपण याच वेळी लोकांकडून शेअर विकत घेतोय. घेणाऱ्याला ठाऊक आणि देणाऱ्याला नाही, असं चालत नाही.”

“मग बायबॅक थांबवू.”

“जाहीर झालंय. थांबवता येत नाही. किंमत वाढवायची मुदतही गेली.”

ते खिडकीपाशी गेले. “आणि उद्या बोलणी मोडली तर? खोटी आशा लावली म्हणून लोक मला धरतील.”

“होईल की नाही ठाऊक नाही, हेही लिहू.”

“ते कोण वाचतं, काका? लोक ‘करार’ एवढाच शब्द वाचतात. परवाचा मथळा विसरलात?”

सोमवारी बोलू म्हणून उठलो.

रविवारी सकाळी नरसक्का आमच्या घरी आल्या. हातात पिशवी. पिशवीतून त्यांनी घडी केलेला पिवळा खण काढला, त्यात तो कागद होता. हळदीकुंकवाची बोटं उमटलेली. बरोबर एक नारळ आणि साखरेची पुडी. सगळं टीपॉयवर मांडून म्हणाल्या, “घ्या साहेब. मालकास्नी पोचवा.”

“हा नारळ कशाला?”

“रिकामं कसं द्यायचं परत? शेजारनीची वाटी तरी रिकामी देतो का आपन?”

वसुधा आतून पदराला हात पुसत आली आणि टीपॉयकडे बघून उभी राहिली. मी नरसक्कांना सांगू लागलो: सक्ती नाही, न दिल्याने काही बिघडत नाही, दिल्यास पैसे मिळतात. पैशांचं ऐकून त्या जरा थांबल्या. मुलाचं लग्न ठरत होतं. घर एका खोलीचं. वर एक खोली चढवायची होती.

“मंजी दिलं तर खोली व्हईल?”

“होईल बहुतेक.”

“मग त्येच करते. मालकांचा बी शब्द राहील.”

“नरसक्का,” वसुधा म्हणाली, “शब्द कुठला? मागितलेलं परत द्यायला तुम्ही उसनं आणलं होतं का? हे परत घेणं नाही, विकत मागणं आहे. विकत मागणाऱ्याला नाही म्हणता येतं.”

“बाजारात मागत्यात तसं?”

“तसंच.”

नरसक्कांना हे पटायला थोडा वेळ लागला. मग त्या माझ्याकडे वळल्या. “मग साहेब, येवढं सांगा. देऊ, का नको?”

आदल्या दिवशीचं बंद दार माझ्या डोळ्यांसमोर होतं. ‘थांबा’ हा एक शब्द म्हटला असता तर तो गुन्हा होता. ‘द्या’ म्हटलं असतं तर पाप होतं. “ते मला सांगता येत नाही,” मी म्हटलं.

“येत न्हाय, का सांगायचं न्हाय?”

मी चष्मा काढून पुसू लागलो.

“मंजी काय तर हाय,” नरसक्का म्हणाल्या.

नोकरीतल्या कुठल्याही सभेत मी इतका घाबरलो नसेन. न बोलूनही गुपित फुटतं हे पुस्तकात वाचलं होतं. पण वसुधा लगेच हसत म्हणाली, “अहो, यांचं तोंड हे असंच! भाजी कुठली करू विचारलं तरी चष्माच पुसतात. यांच्या तोंडाकडं बघून काही ठरवू नका, कधी जेवायला मिळायचं नाही.”

नरसक्काही हसल्या. कागद खणात गुंडाळला, साखर मात्र ठेवून गेल्या. “पत्र येईल, ते मुलाकडून पूर्ण वाचून घ्या, मग ठरवा,” एवढं मी दारात सांगितलं. एवढं कोणालाही सांगता येतं. त्या गेल्यावर वसुधाने मला काहीच विचारलं नाही. साखरेची पुडी डब्यात ओतली आणि त्याच साखरेचा चहा केला. चार लोकांत ती मला सतत चिडवायची. पण जिथे विचारायचं नाही तिथे तिने एकदाही विचारलं नाही. तिच्या या न विचारण्यावर माझी नोकरी उभी होती, हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही. तिला ठाऊक असावं.

नरसक्कांमुळे मी नकार दिला असं लिहिलं तर लेख गोड होईल. पण तसं नाही. ठरवलं होतं शनिवारीच. त्यांच्यामुळे एवढंच झालं की सोमवारी माझा आवाज नेहमीपेक्षा चढला. “हा परिच्छेद नसेल तर पत्रावर माझी सही नसेल,” मी म्हटलं. धाकट्या मालकांनी मुंबईच्या मर्चंट बँकरना फोन लावला. ते या व्यवहाराचे व्यवस्थापक, त्यांनाही कायद्याने जबाबदारी असते. सेक्रेटरी सही करत नाही म्हटल्यावर त्यांचा सूर बदलला. शेअर बाजाराला आधी कळवलं, मग तोच मजकूर पत्रात गेला. ‘बोलणी चालू आहेत; करार होईलच असे नाही’ हे वाक्य मी ठळक अक्षरांत घ्यायला लावलं.

लोकांनी काय वाचलं ते धाकट्या मालकांनी आधीच सांगितलं होतं.

भाव चढला आणि आमच्या किमतीच्या वर गेला. बाजारात जास्त मिळत असताना कंपनीला शेअर कोण देणार? बायबॅकला फार थोडे आले. बरेच जण तर बाजारातही विकेनात. अजून चढेल म्हणाले. नरसक्कांचा मुलगा म्हणत होता, देऊन टाकू, खोलीचं काम काढू. नरसक्का म्हणाल्या, “वद्दु.” तेलुगूत याचा अर्थ ‘नको’. मागणाऱ्याला नाही म्हणता येतं हे नवं कळलं होतं. त्यांनी ते वापरून पाहिलं. बायबॅकची मुदत संपली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बोलणी मोडली. परदेशी कंपनीने दुसऱ्या देशातला पुरवठादार धरला. तेही आम्ही त्याच तासाला बाजाराला कळवलं. भाव कोसळला आणि आधी होता त्याच्याही खाली जाऊन बसला.

धाकटे मालक माझ्या खोलीत आले. ओरडले नाहीत. म्हणाले, “काका, तुमच्या परिच्छेदाने कोणाचं भलं झालं?”

मी त्या प्रश्नावर बराच विचार केला आहे, आणि आताही करतो. मी जे केलं ते बरोबर होतं याबद्दल मला शंका नाही. पुन्हा वेळ आली तर तेच करीन. पण कायदा फक्त एवढंच बघतो की सगळ्यांना एकच गोष्ट एकाच वेळी कळावी. ती गोष्ट पुढे खरी ठरेल की नाही, हे कायद्याच्या हातात नाही. सगळ्यांना सारखं कळलं आणि सगळे सारखे चुकले. मालकांच्या म्हणण्याप्रमाणे गप्प राहिलो असतो, तर नरसक्कांनी बऱ्या किमतीला कागद दिला असता आणि खोली झाली असती. हे हिशेबाने खरं आहे, आणि ते मला खोडता येत नाही.

मुलाचं लग्न झालं. खोली झाली नाही. नरसक्का बाहेरच्या पडवीत झोपू लागल्या, हे वसुधाकडून कळलं. तिने ते भाजी निवडताना सांगितलं, माझ्याकडे न बघता. मी त्या भागातून ऑफिसला जायचो, तो रस्ता सोडला. स्कूटर लांबून नेऊ लागलो.

मग वार्षिक सभा आली. तेव्हा सभा सभागृहात होत असे. आमच्याकडे गर्दी व्हायची ती मुख्यतः टॉवेलच्या भेटीसाठी आणि नंतरच्या नाश्त्यासाठी. मी दारात सभासदांच्या सह्या घेणाऱ्यांवर लक्ष ठेवून उभा होतो. समोर नरसक्का. ठेवणीतलं लुगडं, हातात तीच पिशवी. इतक्या वर्षांत त्या सभेला कधी आल्या नव्हत्या.

“काय साहेब, वाट बदलली व्हय? गाडीचा आवाज येईना हल्ली.”

“नरसक्का, तेव्हा दिलं असतं तर बरं झालं असतं,” मी म्हटलं.

“झालं असतं की.” त्यांनी सहीच्या जागी अंगठा न लावता सावकाश नाव लिहिलं, तेलुगूत. “पन न्हाय म्हनलं ते मी. तुमी कुटं काय बोलला? तुमी तर चष्मा पुसत हुता.” आणि आत गेल्या.

हिशेब मंजूर झाले, नेमणुका झाल्या. अध्यक्षस्थानी धाकटे मालक. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कोणा सभासदाला काही विचारायचं आहे का? दर वर्षी या वेळी लोक दाराकडे बघायला लागतात. मधल्या रांगेतून नरसक्का उठल्या. एका स्वयंसेवकाला वाटलं, बाईंना बाहेर जायचंय. तो वाट करून द्यायला धावला. त्यांनी त्याला हाताने बाजूला केलं.

“करार का मोडला, त्ये सांगा.”

धाकटे मालक सावरून बसले. “आजी, त्यांच्या प्रायसिंगच्या एक्स्पेक्टेशन्स आपल्या मार्जिनला...”

“मराठीत सांगा की.”

सभागृहात हशा पिकला. मालकही थोडे हसले. “त्यांना फार स्वस्तात पाहिजे होतं, आजी. तेवढ्यात द्यायचं तर आपल्याला तोटा.”

“मंजी आपला टावेल नापास न्हाय झाला?”

“नाही, नाही. टॉवेल त्यांना आवडला होता.”

“मग ठीक हाय.” त्यांच्या हाताखालून गेलेल्या टॉवेलांची ती चौकशी होती, हे मालकांना कळलं की नाही ठाऊक नाही, मला कळलं. त्या बसतील असं वाटलं, पण बसल्या नाहीत. “आनि एक. पुढच्या टायमाला पेपरात लिवाल तवा ‘परत घेतो’ म्हनून लिवू नका. आमी काय उसनं आनलं न्हवतं.”

मागच्या रांगांत बसलेल्या जुन्या कामगारांपैकी एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. धाकट्या मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी माइक जवळ ओढला आणि म्हणाले, “चूक झाली, आजी. लिहिणार नाही.” आप्पा असते तर त्यांनीही याहून जास्त काही म्हटलं नसतं.

त्या संध्याकाळी मी वसुधाला सगळं सांगितलं. उघड सभेत झालेलं बोलणं. ते घरी सांगायला कुठल्याच नियमाची आडकाठी नव्हती. तिने मला पहिल्यापासून सांगायला लावलं, मालकांचं इंग्रजीसुद्धा. शेवटच्या वाक्याशी आल्यावर तिने हात वर करून थांबवलं.

“नव्हतं म्हणाल्या, की न्हवतं?”

“न्हवतं. आणि आनलं.”

“मग इतिवृत्तात तसंच लिहा. शुद्ध करू नका.”

आमच्या सभांची इतिवृत्तं इंग्रजीत असत. त्या वर्षीच्या इतिवृत्तात एक वाक्य देवनागरीत आहे, नरसक्कांच्या नावापुढे, त्या बोलल्या तसं.